डोळ्याचा हिशोब तासांचा

कात्रजच्या सर्पोद्यानात एका काचेमागे नाग निपचित पडला होता. शाळेची सहल आलेली, त्यामुळे काचेला पंधरा-वीस नाकं चिकटलेली. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्याला मोतीबिंदू झालाय का?" प्रश्न अजिबात वेडगळ नव्हता. नागाचे डोळे खरोखरच दुधाळ, निळसर दिसत होते. तांदूळ धुतलेल्या पाण्याचा रंग असतो तसे. बाई गप्प. मागून झाडू घेऊन चाललेला एक कर्मचारी न थांबताच म्हणाला, "कात टाकायला आलाय. आठवड्यानं या, लख्ख बघंल तुमच्याकडं."

सापाला मिटता-उघडता येईल अशी पापणी नसते. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो आणि अंगावरच्या कातीबरोबर तोही बदलतो. जुना खवला सुटायच्या आधी त्याच्या आणि खालच्या नव्या खवल्याच्या मध्ये द्रव साचतो, म्हणून डोळा दुधाळ दिसतो. त्या दिवसांत सापाला धड दिसत नाही. पडलेली कात उजेडात धरली तर डोक्याच्या जागी दोन गोल, फुगीर, स्वच्छ चकत्या दिसतात, मनगटी घड्याळाच्या काचेसारख्या. हवा फार कोरडी असली की कधी कधी बाकीची कात निघते आणि या चकत्या मात्र डोळ्यावरच राहून जातात. साप सांभाळणाऱ्यांची ती ठरलेली डोकेदुखी. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये हे सर्पोद्यान उभं केलं, तेव्हापासून पुण्यातल्या कित्येक पोरांनी पहिली कात इथेच पाहिली असेल. (गावाच्या नावात 'कात' आहे, पण तो योगायोग समजा. व्युत्पत्तीच्या मागे मी लागलेले नाही.)

त्या चकत्या पाहताना मला ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखं झालं, कारण तशाच दोन माझ्याही डोळ्यांवर होत्या. अठरा वर्षं होत्या.

लेन्स मी हौसेनं लावल्या नव्हत्या. स्थळांच्या माहितीपत्रकात 'चष्मा नाही' याला तेव्हा वजन होतं, आणि माझा नंबर होता उणे साडेपाच. आईनं लेन्सचे पैसे सरळ लग्नखर्चात धरले. लग्न झालं. नवऱ्याचा नंबर उणे सहा निघाला, तो भाग वेगळा. पण लेन्स राहिल्या त्या राहिल्याच. पावसात काच ओली होत नाही, वाफेनं धूसर होत नाही, स्कूटरवर मागून येणारा पीएमटीचा डबाही कडेनं दिसतो. कात्रजहून हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला हे सुख काय असतं ते चष्मेवाल्यांनाच कळेल.

मग एका दिवाळीच्या आधी कात्रज चौकातून रात्री साडेदहाची ट्रॅव्हल्स पकडली, माहेरी सावंतवाडीला जायला. लेन्सची डबी बॅगेत, बॅग बसच्या डिकीत. आता एका रात्रीनं काय होतंय, म्हणून तशीच झोपले. सकाळी उतरले तेव्हा उजवा डोळा लाल, पाणी वाहतंय, उजेड सहन होत नाही. लेन्स काढली, आणि 'होईल कमी' म्हणत आणखी दीड दिवस काढला. पुण्यात परत आल्यावर डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "लेन्स किती वेळ घालता?"

"अठरा वर्षं झाली."

"वर्षं नाही विचारली मी. तास विचारले."

मी मनात मोजू लागले. सकाळी साडेसातला घालते, रात्री नऊ-साडेनऊला काढते. चौदा तास. आणि त्या दिवशी? सकाळी साडेसात ते दुसऱ्या सकाळी साडेसात. चोवीस. तोवर त्यांनी डोळ्यात पिवळ्या कागदाची पट्टी टेकवून रंग सोडला होता. निळ्या उजेडात डोळा पाहिला आणि पडद्यावर मलाही दाखवला. काळ्या बुबुळावर मोहरीपेक्षा लहान असा एक हिरवा ठिपका होता. जिथली साल निघाली होती तिथे रंग शिरला होता. "थोडक्यात बचावलात," एवढंच ते म्हणाले.

लेन्स लावणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "इतकी वर्षं झाली, डोळ्यांना काही होणार नाही ना?" हा प्रश्नच जरा चुकीच्या एककात विचारलेला आहे. डोळा वर्षं मोजत नाही. तो तास मोजतो, आणि त्यातही रात्रीचे तास वेगळ्या भावानं मोजतो. असं का, ते नीट समजून घ्यायचं तर लेन्स ज्याच्यावर बसते ती काच आधी पाहायला हवी.

या काचेला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, मराठी परिभाषेत पारपटल. नेत्रदानाच्या पत्रकांत 'बुबुळ' लिहितात ते हेच. मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. शरीराच्या बहुतेक भागांना रक्त लागतं, आणि रक्त म्हणजे लाल रंग, म्हणजे अपारदर्शकता. या काचेतून उजेड आरपार जायला हवा, म्हणून तिला रक्तवाहिनीच नाही. मग तिच्या जिवंत पेशींना प्राणवायू येतो कुठून? बाहेरून. उघड्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. आपल्या शरीरात असा प्रकार जवळपास दुसरा नाही. फुप्फुसं आपण आत झाकून ठेवली आहेत, आणि हा एवढासा तुकडा मात्र स्वतःचा श्वास थेट हवेतून घेतो.

सापाची सोय इथे वेगळी आहे. त्याच्या डोळ्यावरच्या खवल्यात बारीक रक्तवाहिन्या असतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की सापाला धोका वाटला की या वाहिन्या आकसतात, म्हणजे नजर स्वच्छ राहावी म्हणून तो तेवढा वेळ रक्त थांबवून धरतो. त्याच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा आहे. आपल्या चकतीला नाही, आणि ती जिच्यावर ठेवतो त्या काचेलाही नाही.

आता हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. डोळा उघडा असताना काचेला तेवढा मिळतो. डोळा मिटला की हवा बंद, आणि मग पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून जे झिरपेल त्यावर भागवायचं. ते भरतं सुमारे आठ टक्क्यांच्या बरोबरीनं. म्हणजे झोपेत आपली काच रोजच अर्धपोटी असते. तिच्या पेशी मग प्राणवायूशिवाय कसाबसा गाडा हाकतात, त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं, ते पाणी ओढून घेतं, आणि काच सुजते. निरोगी माणसाची, लेन्स कधीच न लावलेल्याची काचही सकाळी उठल्यावर तीन-चार टक्के जाड असते. डोळे उघडल्यावर तास-दोन तासांत ती पूर्ववत होते. आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे पाणी उपसून बाहेर काढायचं काम काचेच्या सगळ्यांत आतल्या थराकडे आहे. पेशींचा एकच पदर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा षट्कोनी. मोठ्या माणसात एका चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन हजार पेशी. या पेशी पुन्हा जन्माला येत नाहीत. एखादी गेली की शेजारच्या हातपाय पसरून तिची जागा घेतात. वर्षानुवर्षं प्राणवायू कमी मिळालेल्या डोळ्यात हे पोळं वेडंवाकडं होतं. काही घरं मोठी, काही चिमुकली. काम चालू राहतं, पण राखीव ताकद घटते. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करण्याआधी डॉक्टर या पेशी मोजतात ते त्यासाठीच.

मिटल्या डोळ्यात आधीच आठ टक्के, आणि त्यावर प्लास्टिकचं झाकण. जुन्या मऊ लेन्स घालून झोपलेल्यांची काच सकाळी दहा टक्क्यांच्या वर सुजलेली सापडे.

लेन्सचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं की तो चांगलं दिसण्याचा इतिहास असेल. तो खरं म्हणजे तास वाढवत नेण्याचा इतिहास आहे. १८८९ मध्ये आउगुस्ट म्युलर या जर्मन विद्यार्थ्यानं स्वतःच्या भारी नंबरसाठी काचेच्या लेन्स घातल्या, डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब टाकून. तरी अर्ध्या तासाच्या वर त्या सोसवेनात. १९४८ मध्ये केविन टुओहीनं फक्त बुबुळापुरती छोटी प्लास्टिक लेन्स केली, आणि माणसं दिवसभर लेन्स लावू लागली. ते प्लास्टिक प्राणवायू अजिबात सोडत नसे; पापणी लवली की लेन्स हले, खालचे अश्रू बदलत आणि काच त्यावर जगे. मऊ लेन्सची गोष्ट तर कादंबरीत शोभेल. चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्टर्लेनं १९६१ च्या नाताळात घरातल्या टेबलावर, मुलांच्या मेर्कुर नावाच्या जोडणीच्या खेळण्यातून आणि सायकलच्या डायनामोवर चालणारं यंत्र उभं करून पहिल्या मऊ लेन्स ओतल्या. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, त्या अमेरिकेत विकायला परवानगी मिळाली. आणि १९८१ मध्ये मोठी उडी पडली: सलग तीस दिवस, दिवसरात्र, झोपेतसुद्धा घालायच्या लेन्सना तिथल्या सरकारी यंत्रणेनं मान्यता दिली. अर्ध्या तासापासून सातशे वीस तासांपर्यंत.

डोळ्यानं बिल पाठवलं आठ वर्षांनी. १९८९ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. मऊ लेन्स फक्त दिवसा लावणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांमागे सुमारे ४ जणांना काचेची जखम चिघळत होती. झोपेतही लावायच्या लेन्स वापरणाऱ्यांत तोच आकडा सुमारे २१. त्याच वर्षी तीस दिवसांची मुभा सात दिवसांवर आणली गेली. आकडे एरवी लहान वाटतील. पण ही जखम बरी झाली तरी मधोमध पांढरा वण सोडून जाऊ शकते. आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात ते हेच. खेड्यात हे फूल उसाचं पान किंवा भाताचं तूस डोळ्यात गेल्यानं पडतं. शहरात ते लेन्सच्या डबीतूनही येतं.

इथवर सगळी कथा सरळ आहे: प्राणवायू कमी, म्हणून त्रास. ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी १९८४ मध्येच हिशोब मांडला होता की लेन्समधून प्राणवायू किती जायला हवा, दिवसासाठी किती आणि रात्रीसाठी किती. रात्रीची गरज दिवसाच्या साडेतीन पटींहून जास्त निघाली. त्या मोजमापाकडे पाहत रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या. प्राणवायू त्यांतून कित्येक पटींनी जातो. सुजणं जवळजवळ थांबलं. प्राणवायू न मिळाल्यानं काचेच्या कडेनं आत शिरणाऱ्या रक्तवाहिन्या मागे हटल्या. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या लेन्स त्याच जातीच्या असतात, आणि दुकानदार सांगतो, "ही श्वास घेते, मॅडम." खोटं सांगत नाही.

मग या लेन्स घालून झोपायला हरकत नसावी. सगळ्यांची हीच अपेक्षा होती. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातला मोठा अभ्यास आला. दिवसा मऊ लेन्स लावणारे: दहा हजारांत सुमारे २. जुन्या मऊ लेन्स घालून झोपणारे: सुमारे २०. नव्या, श्वास घेणाऱ्या लेन्स घालून झोपणारे: सुमारे २५. प्राणवायूचा प्रश्न सुटला होता आणि जंतूंच्या जखमा तिथल्या तिथेच होत्या.

इथे माझी गाडी बराच वेळ अडली होती. वाट मिळाली ती कात्रजच्याच दुसऱ्या एका जुन्या गोष्टीतून.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून त्याचं पाणी दगडी भुयारी नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत नेलं. पंप नाही, चाक नाही, निव्वळ उतार. त्या नळाला ठिकठिकाणी वर उघडणाऱ्या जागा ठेवल्या आहेत, त्यांना नाव आहे 'उच्छ्वास'. लहानपणी मला ते नाव फार आवडायचं, जमिनीखाली कुणी झोपलंय आणि मधूनमधून सुस्कारा टाकतंय असं वाटायचं. उच्छ्वासाचं काम हवा येऊ-जाऊ देण्याचं. पण नुसती हवा असून भागलं नसतं. पाणी वाहतं होतं म्हणून ते पिण्याजोगं होतं. त्याच नळात पाणी अडवून ठेवा आणि वर हवे तेवढे उच्छ्वास उघडा, आठवड्यात शेवाळ धरेल.

डोळ्याचंही तसंच दिसतं. लेन्स आणि काच यांच्या मधोमध अश्रूंचा एक पातळ डोह असतो. आपण जागे असताना मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लवते, आणि प्रत्येक वेळी डोहातलं थोडं पाणी बदलतं. कडक लेन्स हलते, म्हणून तिच्याखाली बदल बरा होतो. मऊ लेन्स घट्ट बसते, तिच्याखाली एका लवण्यात जेमतेम एखादा टक्का. झोपेत तर पापणी लवतच नाही. अश्रूंमध्ये जंतू मारणारी द्रव्यं असतात, मेलेल्या पेशी वाहून नेण्याची सोय असते. ते सगळं लेन्सखाली रात्रभर थिजतं. प्राणवायू वरून हवा तेवढा येतोय, आणि खाली पाणी साचलंय. या साचण्याकडेच आज बरेच संशोधक बोट दाखवतात. काचेची वरची साल शाबूत असेल तर जंतू सहसा आत शिरू शकत नाहीत. पण साचलेल्या डोहात त्यांना मुक्कामाला वेळ मिळतो, आणि साल कुठे ना कुठे खरचटतेच.

म्हणून तास. उघड्या डोळ्याचा एक तास आणि मिटल्या डोळ्याचा एक तास डोळ्याच्या वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहिले जातात. वीस वर्षं रोज दहा तास लेन्स लावून रात्री न चुकता काढणारा माणूस बऱ्यापैकी सुरक्षित असतो. दोन वर्षांत पन्नास वेळा दुपारची 'जरा पाठ टेकते' म्हणून लेन्ससकट झोपलेली माझी मैत्रीण तितकी नाही.

वर्षांचा काहीच हिशोब नाही असं मात्र म्हणता येणार नाही. वर्षं म्हणजे शेवटी तासांचीच बेरीज, आणि काही गोष्टी त्या बेरजेनं होतात. त्यातली सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे काचेची जाणीव बोथट होणं. शरीरातल्या अत्यंत नाजूक जागांपैकी ही एक. धुळीचा कण गेला तरी माणूस रस्त्यात थांबतो. वर्षानुवर्षं लेन्स लावल्यावर ही संवेदना घटते. सुरुवातीला टोचणारी लेन्स पुढे 'घातलीय हे कळतसुद्धा नाही' अशी होते, ती केवळ लेन्स चांगली म्हणून नव्हे. लाल महालातून शाहिस्तेखानाची बोटं छाटून महाराज निसटले तेव्हा बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या घाटाकडे हाकलले आणि मोगल फौज त्या उजेडामागे धावली, असं आपल्याकडे सांगतात. तिथूनच 'कात्रजचा घाट दाखवणं' आलं. सवयीची लेन्स आपल्याला हाच घाट दाखवते. आपण दुखतंय का याच्या मागावर असतो, आणि जे व्हायचं ते दुसऱ्या वाटेनं होत असतं.

माझ्या डोळ्यात ते झालेलं डॉक्टरांनी दाखवलं. ठिपका बरा झाल्यावर त्यांनी यंत्राचा झोत बुबुळाच्या कडेवर धरला. पांढऱ्यातून काळ्याच्या हद्दीत तीन-चार लाल रेषा घुसल्या होत्या, केसापेक्षा बारीक, टोकाशी फाटे फुटलेल्या. हवेतून मिळत नाही म्हटल्यावर काचेनं रक्ताकडे हात पसरला होता. "लेन्स बंद ठेवल्यात तर रक्त निघून जाईल," ते म्हणाले, "नळ्या राहतील." रिकाम्या नळ्यांना डॉक्टरी भाषेत भुतं म्हणतात. पुन्हा तसेच तास सुरू केले की त्या दिवसांत भरतात, नव्यानं वाढायची गरज पडत नाही. पेशवाईतल्या त्या नळाचंही तसंच. शहराची तहान आता तो भागवत नाही, पण भुयार जागेवर आहे आणि रस्त्याच्या खोदकामात मधूनच उघडं पडतं.

मग त्यांनी कापसाच्या काडीवर माझी वरची पापणी उलटी केली. आतून ती गुळगुळीत असायला हवी. माझी होती रव्यासारखी. लेन्सवर बसलेल्या अश्रूंतल्या प्रथिनांच्या थरावर पापणी रोज हजारो वेळा घासते, आणि मग ती चिडते. सायंकाळी लेन्स वर सरकते, खाज येते, धाग्यासारखी घाण निघते, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. मी ते धुळीवर ढकललं होतं. कात्रज-कोंढवा रस्त्याची धूळ कुणाचंही पाप पोटात घेईल एवढी आहे, पण हे तिचं नव्हतं.

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आमच्या भागात पाणी हा रोजचा विषय आहे. अनेक सोसायट्यांत टँकर येतो, टाकीत पडतो, टाकीतून गच्चीवर जातो, गच्चीवरून नळाला येतो. आणि मी अठरा वर्षं रोज सकाळी लेन्सची डबी त्या नळाखाली विसळत होते. वाटायचं, स्वच्छता पाळतेय. नळाच्या, टाकीच्या, तलावाच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा एकपेशी जीव सहज सापडतो. पोटात गेला तर सहसा काही करत नाही. पण संकट आलं की तो स्वतःभोवती टणक कोष करतो, आणि क्लोरीनलाही तो कोष दाद देत नाही. ओल्या डबीतून तो लेन्सवर बसला आणि खरचटलेल्या काचेत शिरला की होणारं दुखणं दिसणाऱ्या लालीच्या मानानं भयंकर असतं. औषध सुरुवातीला दर तासाला, दिवसरात्र, आणि पुढे महिनोन्महिने. असे रुग्ण फार थोडे असतात, पण त्यांतले बरेचसे लेन्सवाले. डबी त्याच लेन्सच्या द्रावणानं धुवायची, उपडी घालून सुकू द्यायची, दोन-तीन महिन्यांनी फेकायची. पोहताना आणि आंघोळीला लेन्स नको. एवढ्यानं हा प्रश्न जवळजवळ मिटतो. कालचं द्रावण तसंच ठेवून वर थोडं नवं ओतणं म्हणजे शिळ्या आमटीत पाणी वाढवणं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग लेन्स हव्यातच कशाला. मी असं म्हणणार नाही. काच शंकूसारखी पुढे येण्याचा आजार, केराटोकोनस, असलेल्या कॉलेजच्या पोरांना चष्म्यानं धड दिसत नाही. कडक लेन्सनं त्यांना फळ्यावरचं वाचता येतं. एका डोळ्याचा नंबर फार वेगळा असलेल्यांचं तसंच. इतरांसाठी तो सोयीचा सौदा आहे, आणि सोयीची किंमत माहीत असेल तर सौद्यात वाईट काही नाही. चीड येते ती गॅदरिंगला एकच रंगीत जोडी चौघींनी फिरवून घालण्याची. नंबर नसतानासुद्धा. तिथे तास मोजायचीही सवड मिळत नाही.

माझ्या वहीत आता वेगळे आकडे आहेत. ऑफिसला पोचल्यावर लेन्स घालते, निघताना काढते. नवले पुलावरचा तुंबलेला दीड तास चष्म्यात जातो. आठवड्यात दोन दिवस चष्माच. रात्रीच्या प्रवासाला डबी हातातल्या पर्समध्ये. सकाळी आरशात तीन गोष्टी बघते, त्या डॉक्टरांनी शिकवल्या: डोळा लाल आहे का, दिसायला धूसर आहे का, दुखतंय का. यातलं एकही 'हो' आलं तर लेन्स त्या दिवशी डोळ्यात जात नाही, आणि काढूनही कमी झालं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. दीड दिवस वाट बघत बसणं आता नाही.

पण यातलं काहीही करायला एक वस्तू हाताशी लागते, आणि त्या दिवशी सावंतवाडीत तीच माझ्याकडे नव्हती. चष्मा होता, पाच वर्षांपूर्वीच्या नंबरचा, एक काडी सैल, कपाटाच्या खणात रुमालात गुंडाळलेला, आणि कपाट कात्रजला. लेन्स काढली की मी आंधळी, म्हणून रात्री बसमध्ये मी ती काढायचं टाळलं होतं. मला वाटतं बहुतेक जुने लेन्सवाले इथेच अडकतात. आळस, विसराळूपणा ही सांगायची कारणं. खरं कारण हे की घरात घालण्याजोगा चष्माच नसतो.

तुम्ही लेन्स लावत असाल तर आज रात्री त्या काढल्यावर घरातला चष्मा शोधा, डोळ्यांवर चढवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपासून नेहमीच्या अंतरावर उभं राहून तारखेखालची तिथी वाचून बघा. वाचता आली नाही, तर लेन्सची पुढची जोडी मागवण्याआधी चष्म्याचा नंबर काढून घ्या.